आईच्या बाजूनं चांगल्या घरातलं

कुंभारवाडा, ता. जोयडा
१८ सप्टेंबर २०२४

आक्का, पाया पडतो. लांबूनच, कारण गुडघे वाकत नाहीत.

तुला फोन केला होता. "लाली गेली" म्हणून मी तीन वेळा ओरडलो. तू म्हणालीस, "जाऊ दे रे, दुसरी साडेचारला येती, तिच्यात बस." म्हणून हे पत्र. लाली म्हणजे बस नव्हे. लाली म्हणजे दाजींनी वीस वर्षांपूर्वी मला दिलेली घोडी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गोठ्यात बसली, ती उठली नाही. चोवीस वर्षांची होती. घोड्याच्या हिशेबानं ती तुझ्यापेक्षा मोठी. आंब्याखाली पुरली. चार माणसं सकाळपासून खणत होती.

आता कामाचं. जंगल खात्यातून निवृत्त झाल्यापासून आम्ही घरी पाहुणे ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. पुणे-बेंगळूरकडचे येतात, केशरच्या हातचं जेवतात आणि सकाळी मी त्यांना रानवाटेनं कड्यापर्यंत नेतो. मी घोडीवर पुढे, ते चालत मागे. गुडघ्यांमुळे मला दुसरा इलाज नाही, आणि त्यांना घोड्यावरचा वाटाड्या आवडतो. पाऊस संपला की पाहुणे सुरू होतील. घोडा नाही तर कडा नाही. आणि कडा नाही तर इतक्या लांब नुसता भात खायला कोण येईल?

दाजींच्या वरातीच्या घोड्यांत तुझा जन्म गेला. तेव्हा घोडा तू शोध. अटी दोनच. मारवाडी असावा, उंच, कान टोकाशी वळलेले. आणि पांढरा असावा. पांढराच. बाकी तुझ्यावर सोपवलं.

तुझा,
गुरुदास


नंदगड, ता. खानापूर
२९ सप्टेंबर २०२४

गुर्‍या, आशीर्वाद आधी घे. खाली शिव्या हायत, त्यात तो हरवायला नको.

लाली गेली हे वाचून दोन दिस चहा गोड लागला न्हाई. गुणी होती. फोनवर मी चुकीचं ऐकलं म्हणतोस, पण तू बोलतोस तोंडात सुपारी धरून. मला चांगलं ऐकू येतंय.

आता घोड्याचं ऐक. मारवाडी घोडा वाळूत जन्मलेला. पाय लांब, कातडी कागदासारखी. तुझ्याकडं जूनला लागलेला पाऊस दसऱ्याला सुटतोय. खुरात चिखल बसून खूर कुजंल, पाठीवर बुरशी धरंल, आणि पोटाखाली जळवा लोंबतील डुलासारख्या. त्यात उंच. फांदीखालनं घोडा पुढं जाईल आणि तू फांदीवर ऱ्हाशील. पाहुणे फोटो काढतील, वानर म्हणून.

काठेवाडी त्याचाच धाकटा भाऊ. अंगानं कमी, पण नाक तेवढंच वर. शर्यतीतनं काढलेलं घोडं मिळतंय, पण त्याला एकच विद्या ठाऊक, आवाज झाला की पळायचं. सागाचं पान पडलं तरी तुला गोव्यात नेऊन उतरवंल.

रानवाटेला पायजे भीमथडी. धनगरांच्या बरोबर असत्यात ती बुटकी घोडी. मिळंल ते खातंय. पाठीवर सगळा संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांवर पोरगं, आणि तरी घाट चढतंय. उतारावर पाय टाकायच्या आधी जमीन हुंगतंय. तुझ्यासारखं न्हवं, तू बोलायच्या आधीसुद्धा हुंगत न्हाईस.

आणि पांढरं कशाला? माझ्या दारात चाळीस वर्षं पांढरी घोडी होती. पांढरं घोडं म्हणजे रोजचं धुणं. नवऱ्यामुलाला शोभतंय, त्याला एकच दिवस बसायचं असतंय. तुझं दुसरं लगीन ठरलंय काय? केशरला सांगितलंस काय?

बायजा


कुंभारवाडा
९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

तुझं पत्र पोचलं. केशरला वाचून दाखवलं नाही. माझं दुसरं लग्न ठरलेलं नाही.

भीमथडीचं पटलं. मारवाडी सोडला. बुटकं तर बुटकं. पण रंगाचं मी सोडणार नाही. पाहुणे फोटो काढतात, हिरव्या रानात पांढरं जनावर उठून दिसतं. आमच्याकडे झाडी दाट, सकाळी धुकं असतं, गोठ्यात दिवसासुद्धा अंधार. मालकाला आपला घोडा कुठे उभा आहे ते कळायला नको काय?

आणि एक राहिलं. जनावर वाट लक्षात ठेवणारं पाहिजे. एकदा नेलं की दुसऱ्यांदा त्याला सांगावं लागू नये. आपण वर बसून गप्पा मारत राहायचं, त्यानं आपलं आपण जायचं. लाली तशी होती.

माझ्या अक्षराबद्दल तू काही लिहिलं नाहीस हे बरं केलंस. नवीन पेन आहे, घसरतं.

गुरुदास


नंदगड
२२ ऑक्टोबर २०२४

गुर्‍या,

घोडी मिळाली. नाचत वाच.

गावाबाहेरच्या माळावर धनगरांचा तळ पडलाय. रोहनच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. माझा पोरगा गाडी अशी चालवतोय की आईनं वाटेतच जीव सोडावा. तिथं गिरजा म्हणून बाई हाय, पन्नाशीची. तिच्याकडं सात वर्षांची घोडी हाय. कुमैत रंग, म्हणजे तांबूस काळा, कपाळावर बोटभर पांढरं. मी दात बघितले, खूर उचलून बघितले, खांद्यावरनं हात फिरवला. गुर्‍या, असं जनावर मी दहा वर्षांत बघितलं न्हाई.

पण विकणारी गिरजा, आणि परीक्षा माझीच घेतली. म्हणाली, "बसणार कोण?"

म्हटलं, "माझा भाऊ."

"वजन?"

म्हटलं, "खाऊन-पिऊन सुखी हाय."

"मारतोय काय जनावराला?"

मी म्हटलं, "आमचा गुर्‍या? अगं, डास मारायच्या आधी त्याला दोनदा विचारतोय." तवा हसली. म्हणाली, "मग देते. पण त्यानं सोता यावं. घोडीनं त्याला बघायला पायजे."

दिवाळीच्या आधी ये. त्यांचा तळ महिन्याभरात हलतोय. रंगाचं तोंडातनं काढू नको. ही घोडी डोळे मिटून घ्यावी अशी हाय.

बायजा


कुंभारवाडा
२९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

घोडी चांगली असेल. मी येत नाही.

तांबूस काळी म्हणतेस. आमचं रान तांबूस काळं, जांभ्याची माती तांबडी, संध्याकाळ काळी. त्यात ही घोडी. नको.

तुला त्रास दिला त्याबद्दल माफी असावी. गिरजाबाईला माझा नमस्कार सांग. केशरनं चकलीचं पीठ पाठवलंय, रामनगरच्या भाजीच्या टेम्पोतून येईल.

गुरुदास


नंदगड
२ डिसेंबर २०२४

गुरुदास,

पुरं नाव लिहिलंय यावरनं समजून घे.

महिन्यानं लिहितेय. दिवाळी होती, सुगी होती, बसून लिहायला सवड न्हवती. तळ हलला. घोडी गेली. गिरजानं जाताना विचारलं, "तुझा भाऊ आला न्हाई?" मी काय सांगू? माझ्या भावाला घोडीच्या पाठीचं, पायाचं, स्वभावाचं काय न्हाई, त्याला साबणाची वडी पायजे?

आपल्या आईनं तुला गोरी बायको पायजे म्हणून चार गावं हिंडवलं. शेवटी सावळ्या केशरनं तुझा संसार केला. तवाही रंग, आताही रंग. पासष्ट वर्षांचा झालास गुर्‍या, आरशात बघतोस काय कधी?

मी आता घोडं शोधणार न्हाई. तुझ्या पाहुण्यांच्या पुढं तूच चौखूर धाव.

बायजा

चकलीचं पीठ चांगलं होतं. केशरला सांग.


कुंभारवाडा
२० डिसेंबर २०२४

आक्का, पाया पडतो. ह्या वेळी ताठ मानेनं.

घोडा घेतला. तू रागावलीस ते बरं झालं, नाहीतर मी असा घोडा आयुष्यात घेतला नसता.

रामनगरला शिवानंद म्हणून जनावरांचा दलाल आहे. त्यानं दारात आणून उभा केला. सूर्य डोक्यावर होता आणि आक्का, पांढरा म्हणजे भिंतीला चुना लावावा तसा! उंच आहे. मी कानावरून हात फिरवला. काय कान आहेत! संपतच नाहीत. मारवाड्याचे कान मोठे असतात ऐकलं होतं, एवढे असतील वाटलं नव्हतं.

शिवानंद प्रामाणिक माणूस. मी विचारलं, "जात कुठली?" म्हणाला, "मालक, जातीत बसणारं जनावर न्हवं हे. ह्याच्यासारखं दुसरं ह्या तालुक्यात न्हाई." मी म्हटलं, "घराणं?" म्हणाला, "आईच्या बाजूनं चांगल्या घरातलं हाय. बापाचं विचारू नका." उमदेपणा बघ, खोटी वंशावळ सांगितली नाही. मी विचारलं, "पुढं ह्याच्यापासून शिंगरं घ्यावीत काय?" तर हात जोडून म्हणाला, "ह्याच्या पुढं काय न्हाई मालक. इथंच संपलं." एवढी शेवटची पायरी गाठलेलं जनावर माझ्या गोठ्यात आहे.

स्वभावानं गंभीर. खूर लहान आणि टणक. आवाज मात्र थोडा बसलाय. सुरुवात घोड्यासारखी करतो, पण शेवटाला दार करकरावं तसं काहीतरी होतं. पाणी बदललं असेल. केशर त्याला गूळ-मिरी देते आहे.

पाहुण्यांना दोनदा कड्यापर्यंत नेऊन आणलं. पाय घसरला नाही. एका पाहुण्यानं विचारलं, "काका, हा कुठला ब्रीड?" मी म्हटलं, "मारवाडी." त्यानं "मारवाडी?" असं पुन्हा दोनदा विचारलं. थक्क झाला असावा.

गुरुदास


नंदगड
२८ डिसेंबर २०२४

गुर्‍या,

तुझं पत्र दारात उभी राहून वाचलं. कानापाशी आले तवा हसायला लागले. आईच्या बाजूपाशी आले तवा खाली बसले. गूळ-मिरीपाशी आले तवा सून पाणी घेऊन पळत आली, तिला वाटलं मला झटका आला.

अरे, आईच्या बाजूनं चांगल्या घरातलं, म्हणजे आई घोडी. बापाचं विचारू नको, म्हणजे बाप गाढव. पुढं काय न्हाई, म्हणजे त्याला पोरं होत न्हाईत. शिवानंद सत्यवादी हरिश्चंद्र हाय, एक शब्द खोटा बोलला न्हाई. तू खेचर घेतलंस गुर्‍या! तालुक्यात तसं दुसरं न्हाई, कारण खेचर तिथं कोण आणतंय?

रोहनला वाचून दाखवलं, तोही हसला. म्हणाला, "मामाला दिसलं न्हाई काय?"

आणि मी हसायची थांबले.

तुझी पत्रं पेटीतनं काढली. ओसरीवर एका खाली एक मांडली. सप्टेंबरच्या पत्रात ओळी सरळ हायत. ऑक्टोबरात खाली उतरायला लागल्या. ह्या पत्रात तर निम्मी वाक्यं कागदाच्या बाहेर जाऊन परत आल्यात, आणि अक्षरं एवढी मोठी की पोरगं पाटीवर काढतंय तशी. पेन घसरतंय म्हणालास. पांढराच पायजे म्हणालास. वाट आपली आपण लक्षात ठेवणारं पायजे म्हणालास. मी तुला आरशावरनं बोलले.

खरं लिही. तुला किती दिसतंय?

आक्का


कुंभारवाडा
९ जानेवारी २०२५

आक्का,

तुझं पत्र दोन दिवस लागले वाचायला. दुपारी बारा वाजता अंगणात बसतो आणि भिंग लावतो. केशरला वाटतं मी ऊन खातोय.

उजव्या डोळ्यानं उजेड आणि सावली कळते. डाव्यानं पुढ्यातलं थोडं, तेही धुरातनं बघावं तसं. तीन वर्षं झाली. आधी वाटलं धुकं लवकर पडतंय. मग मार्चमधीही पडायला लागलं.

लालीला वाट पाठ होती. मी वर बसायचो आणि ती जायची. कुठं वळली ते कळायचं, चढ कळायचा. मी पाहुण्यांना हात करून सांगायचो, "तो बघा धनेश, तो बघा शेकरू." ते म्हणायचे, "कुठं, कुठं?" मी म्हणायचो, "उडाला." लोक खूश.

आता तुला एक सांगतो, ते अजून कुणाला सांगितलं न्हाई. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात कड्याच्या अलीकडच्या वळणावर लाली थांबली. मी टाच मारली, हलली न्हाई. मागं चार पाहुणे. मला लाज वाटली. मी फोक तोडून तिला मारलं. आक्का, वीस वर्षांत पहिल्यांदा. दोनदा मारलं. ती थरथरली पण पाय उचलला न्हाई. मग मागनं एक बाई किंचाळली, "काका, पुढं वाट नाहीये!" रातच्या पावसानं कडेची वाट खाली गेली होती. एक पाऊल उरलं होतं.

मी त्या बाईला म्हणालो, "ठाऊक हाय मला, तुमची परीक्षा घेत होतो." आणि परत फिरलो. पुढं फॉरेस्टच्या लोकांनी तिथं दगड रचून वाट नीट केली. दोन महिन्यांनी लाली म्हातारपणानं गेली. पण मला ते मारलेलं जात न्हाई. गिरजाबाईला तू सांगितलंस की माझा भाऊ मारत न्हाई. ते वाचून मी आलोच न्हाई. रंगाचं निमित्त होतं. खरं म्हणजे दोन्ही होतं.

खेचराचं केशरला विचारलं. म्हटलं, "अगं, हे खेचर हाय काय?" म्हणाली, "मग काय हत्ती हाय?" म्हटलं, "बोलली का न्हाईस?" म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम घेतलंय. तुमचं मन दुखवायला नको म्हणून वाडीत सगळ्यांनाच सांगितलं, कुणी काय बोलू नका." पंधरा घरं, आक्का. पंधरा घरं महिनाभर माझ्या मारवाड्याला चांगलं म्हणत होती.

मग डोळ्याचंही तिला सांगून टाकलं. ती "हूं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी भितो. डोळ्यात सुरी घालतात. हे आहे ते बरं आहे.

गुरुदास


नंदगड
१७ जानेवारी २०२५

गुर्‍या,

रडले. झालं, ते संपलं. आता ऐक.

आजपासनं पाहुण्यांना घेऊन कड्यावर पाय ठेवलास तर मी तिथं येऊन पाहुण्यांच्या देखत तुझं मुस्काट फोडीन. ते परक्याचे जीव हायत. त्यांच्या आयांनी तुझ्या भरवशावर पाठवलेले न्हाईत, पण तू नेतोस. लालीला मारलंस ते वाईट केलंस. ती काय आता माफ करायला येत न्हाई, म्हणून तू दुसरं काय करतोस ते बघ. डोळे कर.

तुझ्यापेक्षा मोठी लबाड मी. दिवाळीची गडबड म्हणून लिहिलं ते खोटं होतं. तुझा नकार सांगायला गिरजाकडं गेले. घोडीच्या मागनं गेले. गिरजा ओरडली, "आजी, थांबा!" मला ऐकू आलं न्हाई. घोडी बुजली, लाथ बसली, बरगडी मोडली. तीन आठवडे पडून होते. घोडीचा दोष न्हाई. गिरजाचा न्हाई. माझ्या कानाचा हाय, आणि माझ्या तोंडाचा, ते म्हणत होतं मला चांगलं ऐकू येतंय.

चाळीस वर्षं घोड्यांच्यात काढली आणि घोडीच्या मागनं गेले! तुझे दाजी वर असतील तर हसून हसून मेले असतील परत एकदा.

रोहन चार वर्षं म्हणतोय, आई, कानात मशीन घाल. मी म्हणते, मशीन म्हाताऱ्यांना. तर सौदा कर माझ्याशी. तू डोळा कर, मी कानात मशीन घालते. माघार घेईल तो कुत्र्याच्या जातीचा, आणि त्याची वंशावळ शिवानंद सांगंल.

रोहन एकवीस तारखेला तुला न्यायला येतोय. बेळगावला दवाखान्यात नाव घातलंय. सुरी घालत न्हाईत, मी डॉक्टरला विचारलं. म्हणजे रोहननं विचारलं, मला उत्तर ऐकू आलं न्हाई.

आक्का


नंदगड
२६ फेब्रुवारी २०२५

गुर्‍या,

डोळा कसा हाय? थेंब घालतोस काय? डोकं खाली वाकवू नको, कुणाच्या पाया पडू नको, माझ्यासुद्धा.

मशीन घातलं. पहिल्या दिवशी वाटलं घरात कोणतरी सारखं कागद फाडतंय. ती माझी नऊवारी होती. कावळे केवढ्यानं ओरडतात रे! आणि सून. इतकी वर्षं मला वाटायचं ती गुणगुणत भाकऱ्या थापती. ती माझ्याबद्दल बोलत असती. दोन दिस गप्प ऐकलं. निम्मं खरं हाय. उरलेल्या निम्म्याचं मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं तर तव्यावरची भाकरी जळाली.

गिरजाचा निरोप आला, पुढच्या दसऱ्यानंतर परत येतील. तिच्याकडं आणखी दोन घोड्या हायत. बघायला येणार काय? का खेचरावरच जीव जडला?

आक्का


कुंभारवाडा
१९ मार्च २०२५

आक्का,

हे पत्र ओळीवर लिहिलंय, बघितलंस काय?

पट्टी काढली तेव्हा पहिला दिसला रोहन. त्याचं टक्कल बघून मी ओरडलो, डॉक्टरला वाटलं काहीतरी बिघडलं. घरी आलो, गोठ्यात गेलो. खेचराचं आणि माझं बराच वेळ एकमेकांकडं बघणं झालं. हे जनावर मी मारवाडी म्हणून लोकांना दाखवलं! आणि पांढरंही न्हाई आक्का. राखाडी आहे. मळकं राखाडी.

काल डॉक्टरनं परवानगी दिल्यावर पहिल्यांदा कड्यावर गेलो. मागं सहा पाहुणे, मी खेचरावर. पहिला मैलभर काय सांगू! पानाला पान वेगळं दिसत होतं. एक शेकरू खरंच दिसलं. मी "तो बघा" म्हणालो आणि ते उडालं न्हाई.

मग ते वळण आलं. हे जनावर ओझ्याचं. पाठीवरची पोती डोंगराला घासू नयेत म्हणून त्याला जन्मभर दरीच्या अगदी कडेनं चालायची सवय. मी खाली बघितलं. माझा डावा पाय वाटेवर न्हवताच आक्का, दरीवर होता. खाली झाडांचे शेंडे, कोथिंबिरीच्या जुड्यांएवढे. इतकं खोल हाय हे मला ठाऊकच न्हवतं. तीन वर्षं मी तिथनं डुलत, धनेश दाखवत गेलोय. डिसेंबरात दोनदा ह्याच जनावरावरनं गेलोय.

उतरायला गेलो तर पडलो असतो, म्हणून डोंगराच्या बाजूनं पोटावर घसरत उतरलो आणि खाली बसलो. उठवेना. पाहुणे म्हणाले, "काय झालं काका?" मला वाटलं, आता तरी खरं सांगावं. म्हटलं, "मंडळी, मी तीन वर्षं ह्या वाटेनं न बघता जात होतो."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही लेजंड आहात."

मी त्यांना परत फिरवलं. कडा बंद. आता भातखाचरांच्या बांधानं आणि व्हाळाच्या काठानं नेणार, तिथं पडलं तर चिखलात पडतील. त्या वाटेला खेचर पुष्कळ झालं, कानासकट. दसऱ्यानंतर मी नंदगडला येतो, पण गिरजाबाईला आधी लालीचं सांगीन. मग तिला वाटलं तर तिनं घोडी द्यावी.

पण हे सांगायला मी पत्र लिहायला बसलो न्हवतो. परत फिरताना पाहुणे पुढं झाले, आणि वळणापलीकडं केशर उभी होती. हातात कोयता, कमरेला दोर.

म्हटलं, "तू हितं काय करतीस?"

"लाकडं."

"लाकडं घराच्या मागं रचलेली हायत. पुढच्या पावसापर्यंत पुरतील."

पदरानं कोयता पुसत राहिली. मग मी विचारलं, "किती दिवस येतीस मागनं?"

म्हणाली, "तीन वर्षं."

आक्का, दर खेपेला. पाहुण्यांच्या मागं शंभर पावलं ठेवून. पहाटे उठून रांधायची आणि मागनं यायची. लपायचीही गरज न्हवती तिला. मी वळून बघितलं असतं तरी दिसणार कुणाला होतं?

मी चिडलो. म्हटलं, "आणि मी पडलो असतो तर मागनं तू काय करणार होतीस?"

केशरनं माझ्या हातातनं खेचराचा लगाम घेतला, त्याला डोंगराच्या बाजूला वळवलं आणि म्हणाली, "पाहुण्यांना घरी कोण आणणार होतं? जेवण तयार असतंय."

गुरुदास